गाडीतल्या अँप्लिफायरची वीज सुरक्षितपणे कशी तोडायची?

पावसाळ्यात अंधेरीचा सबवे भरला की गाड्यांच्या रांगा लागतात. काही गाड्यांमध्ये दरवाज्याच्या फटीतून पाणी आत येते आणि सीटखाली किंवा डिकीत बसवलेला अँप्लिफायर त्या पाण्यात भिजतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. पण अँप काढण्याची वेळ फक्त पुरामुळेच येते असे नाही. गाडी विकायची असते, बूफर बदलायचा असतो, किंवा डिकीत सामानाला जागा हवी असते. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाना घेऊन काम सुरू होते. चूक होते ती इथेच.

१२ व्होल्टला घाबरायचे कशाला?

गाडीच्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. कोरड्या हाताला त्याचा शॉक जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. धोका शॉकचा नसून शॉर्टचा आहे. दोन्ही टोके पान्याने किंवा कड्याने जोडली गेली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह सोडू शकते. धातू लाल होतो, बोटातली अंगठी त्वचा भाजते, वायरचे आवरण पेट घेते. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्याला ठिणगी लागली तर स्फोटही होऊ शकतो.

अँपला वीज येते कुठून?

अँपला तीन मुख्य जोडण्या असतात. पहिली जाड पॉझिटिव्ह वायर. ती थेट बॅटरीवरून निघते आणि कार्पेटखालून मागे येते. दुसरी ग्राऊंड, जी गाडीच्या बॉडीला बोल्टने घट्ट केलेली असते. तिसरी बारीक रिमोट वायर. स्टिरिओ चालू झाला की तीच अँपला जागे करते.

म्हणजे स्टिरिओ बंद केला की अँप झोपतो, पण जाड वायरमधली वीज तशीच राहते. किल्ली काढून घेतली तरीही.

आधी कोणते टोक?

बॅटरीपाशी नेहमी निगेटिव्ह टोक आधी. गाडीची संपूर्ण बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच काढलेले असेल, तर पाना कुठेही टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही.

अँपपाशी मात्र क्रम उलटा: ग्राऊंड शेवटी. पॉझिटिव्ह जिवंत असताना ग्राऊंड आधी निघाले, तर परतीचा प्रवाह स्टिरिओकडून येणाऱ्या आरसीए केबलच्या बारीक जाळीतून वाट काढतो. त्यात स्टिरिओ जळू शकतो. बॅटरी सुटलेली असताना हा धोका उरत नाही, पण सवय योग्य असलेली बरी.

कामाचा क्रम

१. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. डिकी आधीच उघडून ठेवा. काही गाड्यांत तिचे कुलूप विजेवर चालते. इंजिन चालू असताना बॅटरी कधीच सोडू नका, अल्टरनेटरचा दाब उसळून गाडीतले इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकते.

२. अंगठी, घड्याळ, कडे, लोंबती साखळी उतरवा.

३. दहा मिनिटे थांबून निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. टोक बाजूला वाकवून कोरड्या कापडात गुंडाळा.

४. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज काढा.

५. अँपच्या पॉझिटिव्ह आणि ग्राऊंडवर मल्टिमीटर लावा. आकडा एक व्होल्टच्या खाली येईपर्यंत थांबा. वेगळा एक फॅरडचा कपॅसिटर जोडलेला असेल, तर त्यात बॅटरी सुटल्यावरही साठा असतो. त्याच्या दोन टोकांना १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब लावून तो विझू द्या. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

६. आरसीए, रिमोट आणि स्पीकरच्या वायर काढा, मग पॉझिटिव्ह, शेवटी ग्राऊंड. प्रत्येक टोकावर टेप लावा आणि नाव लिहून ठेवा.

सीटखाली काम असेल तर पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका. ते सहसा एअरबॅगचे असतात. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाडीतल्या केशरी केबलही मेकॅनिकवर सोडा.

मागे राहिलेली वायर

सगळ्यात मोठी चूक अँप काढल्यानंतर होते. अँप विकला जातो, पण चार-पाच मीटरची जाड वायर कार्पेटखाली तशीच राहते. बॅटरी पुन्हा जोडली की तिचे उघडे टोक जिवंत होते. सीटची पट्टी घासून किंवा डिकीतला जॅक टेकून ते बॉडीला लागले, तर आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून वायर काढून टाका. ते जमत नसेल, तर बॅटरीपासचे टोक सोडवा आणि दोन्ही टोके नीट झाका. मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावा असा नियम पाळतात, तो याचसाठी: फ्यूज वायरला वाचवतो, अँपला नव्हे.

पाणी शिरलेले असेल तर

भिजलेल्या गाडीची किल्ली फिरवून ‘चालते का’ हे पाहू नका. तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी असेल, तर इमारतीची तिथली वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्यात उतरू नका. तिथे १२ नव्हे, २३० व्होल्ट असतात. पाणी ओसरल्यावर आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवा.

पुन्हा जोडताना क्रम उलटा: अँपचे ग्राऊंड आधी, बॅटरीचे निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. त्या वेळी छोटी ठिणगी दिसली तर घाबरू नका, अँपमधले कपॅसिटर भरत असतात. ठिणगी मोठी असेल किंवा तार तापू लागली, तर लगेच टोक बाजूला करा आणि शॉर्ट कुठे आहे ते आधी शोधा.