मुलांच्या फी-सवलतीसाठी राष्ट्रीयत्वाचा दाखला आधीच काढा

कॉलेज प्रवेशाची धावपळ ऐन पेरणीच्या दिवसांत येते, आणि एका दाखल्यावाचून फीची सवलत अडते. शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या खुल्या प्रवर्गातील मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. अटींत बसणाऱ्या मुलींना 2024 पासून पूर्ण सवलत आहे.

यासाठी ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ हा दाखला लागतो. मूल भारताचे नागरिक व राज्याचे रहिवासी असल्याचे तो सांगतो. आधार कार्ड ही ओळख आहे, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. उदगीर-अक्कलकोटकडील सुनेचे माहेर कर्नाटकात असले, की शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगाव तिकडचे येते. घाबरू नका. मुलाचे राज्यातील 15 वर्षांचे वास्तव्य दाखवा. पहिलीपासूनचे शाळेचे कागद, शिधापत्रिका, तलाठ्याचा रहिवासी दाखला जपून ठेवा. 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्व आईवडिलांच्या नागरिकत्वावरही ठरते. म्हणून तुमचे जुने शाळेचे व जन्माचे दाखलेही शोधून ठेवा. नावांत फरक असेल तर आधी दुरुस्त करून घ्या.

मूल अकरावीत असतानाच सेतू केंद्रात अर्ज द्या आणि पोच घ्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार या दाखल्याची मुदत 15 दिवस आहे. त्यात दाखला न मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते.