पोरीला कुठल्या शाळेत घालू?

चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरणारी आमच्या शेजारची एक बाई परवा दारात येऊन म्हणाली, "चाचा, पोरगी सहा वर्षांची झाली. नगरपालिकेच्या शाळेत घालू का इंग्लिश मीडियमला? तुम्ही बी.ए. झालेले, तुम्हीच सांगा."

लोणावळ्यात मला कवितेबद्दल फारसं कुणी विचारत नाही. हे मात्र सगळे विचारतात.

मी म्हटलं, शाळा दोन नाही, तीन प्रकारच्या असतात. पहिली सरकारी : खेड्यात जिल्हा परिषदेची, शहरात नगरपालिकेची. दुसरी खासगी अनुदानित : चालवते संस्था, शिक्षकांचा पगार देतं सरकार. आपल्याकडची बरीच जुनी हायस्कुलं अशीच. तिसरी विनाअनुदानित : तिचा खर्च फीमधून. तेव्हा खासगी म्हणजे महाग आणि महाग म्हणजे चांगली, हे समीकरण खरं नाही.

आपल्या मावळात तळेगावला विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. राष्ट्रीय शिक्षणासाठी काढलेली ही खासगी शाळा इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंद पाडली. त्याआधी १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. शेतकऱ्याच्या करातला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो, ही त्यांची तक्रार होती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांतही पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैमध्ये रद्द केली. म्हणजे सोडतीचा अर्ज जरूर भरावा. पण ही सवलत आठवीपर्यंतच. पुढची फी, आणि गाडीभाडं, याचा हिशेब आजच करावा.

सरकारी शाळेत पुस्तकं, दुपारचं जेवण मोफत. इंग्रजी तर २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून आहे. उणीवाही आहेत. नाणे मावळ, अंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांवर एकेका गुरुजींना दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात.

माझंच सांगतो. घरी आम्ही दखनी बोलायचो. मला मराठी दिली ती सरकारी शाळेने. माझ्या मुलाला मात्र मी इंग्रजी शाळेत घातलं. तो चांगला शिकला, नोकरीला लागला. माझं पुस्तक हाती घेतो तेव्हा ओळीओळीला अडखळतो. दोष त्याचा नाही. निवड माझी होती.

म्हणून बाईला म्हटलं, इमारत पाहू नकोस. तिसरीतल्या पोराला न शिकवलेला धडा वाचायला सांग. मास्तर किती, पोरं किती, ते मोज.

ती म्हणाली, "चाचा, मला कुठं वाचता येतं?"

म्हटलं, "ऐकता येतं ना? पोरगी मराठीत वाचेल तर कुठं चुकली ते तुझ्या कानाला कळेल. इंग्रजीत वाचली तर तुला नुसती मान डोलवावी लागेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळा पाहायला निघालो.