कानाजवळची मूठभर हवा

माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाची खालची वेस आहे २० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस कंपनं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. त्याला वीसने भागलं की या सुराच्या एकेका लाटेची लांबी निघते सतरा मीटर. पाचमजली इमारतीएवढी लाट! आणि ही लाट आपण तळहातात मावणाऱ्या दोन वाट्या कानांवर चढवून ऐकतो. ती त्या वाटीत मावते तरी कशी?

गणित मांडलं की आणखी थक्क व्हायला होतं. मोकळ्या मैदानात जमिनीवर १२ इंची वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, ठेवा आणि मीटरभर अंतरावर २० हर्ट्झचा सूर १०० डेसिबलने ऐकू यावा अशी अपेक्षा धरा. त्या वूफरच्या पडद्याला जवळपास दोन सेंटीमीटर पुढे आणि तितकंच मागे हलावं लागेल. तोच सूर तितक्याच जोराने कानाला पूर्ण चिकटून बसलेल्या हेडफोनमधून हवा असेल, तर त्याच्या ४० मिलिमीटरच्या पडद्याने किती हलायचं? एक-दीड मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो.

हा चमत्कार घडवते ती बंद हवा. सायकलच्या पंपाचं तोंड उघडं ठेवून दांडा दाबला तर हवा निसटून जाते, हाताला काहीच जाणवत नाही. तोंडावर बोट ठेवून दाबला, तर थोड्याशा ढकलण्यानेच दाब चढतो. मैदानातल्या वूफरभोवतीची हवा बाजूला सरकायला मोकळी असते, म्हणून त्याला ढीगभर हवा ढकलावी लागते. हेडफोनच्या कपात कोंडलेली असते जेमतेम मूठभर हवा, तिला पळायला जागाच नसते. पडदा किंचित हलला की तिचा दाब बदलतो आणि तो थेट कानाच्या पडद्यावर पोहोचतो. सतरा मीटरची लाट तिथे उलगडतच नाही. तिचा दाब तेवढा सेकंदाला वीस वेळा चढतो-उतरतो, आणि कानाला तेवढंच पुरतं.

बेससाठी, म्हणजे खालच्या सुरांसाठी, हेडफोन निवडण्याचं निम्मं शास्त्र मला यातच दिसतं. ती हवा कोंडलेली राहायला हवी. चष्म्याची काडी, जाड वेणी, कानातले डूल, गालाचा खोलगट भाग, यातल्या कशानेही गादीखाली फट राहिली की सगळ्यात आधी पळतो तो बेस. वरचे सूर मात्र शाबूत राहतात, म्हणून हेडफोनमध्येच दोष आहे असं वाटतं. कारण सुंदर आहे. २० हर्ट्झच्या सुरात दाब एका दिशेने २५ मिलिसेकंद टिकायला हवा, आणि तेवढ्या वेळात हवा फटीतून आरामात निसटते. ५००० हर्ट्झच्या सुरात ती मुदत मिलिसेकंदाचा दहावा भाग. इतक्यात हवेला पळताच येत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. बेस असलेलं गाणं लावा आणि दोन्ही तळहातांनी कप कानांवर अलगद दाबून धरा. बेस वाढला तर समजा, एरवी फट राहते आहे. एकाच हेडफोनबद्दल दोन मित्रांची मतं टोकाची निघतात, त्यामागे बऱ्याचदा दोन वेगळ्या आकारांची डोकी असतात. गाद्या चपट्या झाल्या, फाटल्या, तरी बेस आटतो. पाच वर्षं वापरलेल्या हेडफोनला नव्या गाद्या बसवून पाहा, मग नव्याचा विचार करा. कानात घालायच्या इअरफोनलाही हाच नियम. डब्यातली लहान, मध्यम, मोठी रबरी टोपणं सगळी घालून पाहावीत. दोन कानांना दोन मापं लागली तरी त्यात वावगं काही नाही.

बंद पाठीचे हेडफोन की उघड्या पाठीचे, म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीदार असलेले? सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन आणला आणि ऐकणाऱ्यांना मोकळ्या, ऐसपैस आवाजाची चटक लागली. पण उघड्या पाठीच्या बहुतेक साध्या, म्हणजे कॉइलने हलणाऱ्या पडद्याच्या हेडफोनांत सगळ्यात खालचा बेस उतरत जातो. बेस हीच तुमची पहिली आवड असेल तर माझा कौल बंद पाठीला. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हे स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरले जाणारे नमुने त्यासाठी मुद्दाम ऐकून पाहावेत. तिसरी वाट प्लेनर हेडफोनची. त्यात पातळ, पसरट पडद्यावरच तारेचं जाळं असतं आणि पूर्ण पडदा चुंबकांच्या रांगेत एकसंध हलतो. हे हेडफोन उघड्या पाठीचे असूनही खोलवर बेस देऊ शकतात, मात्र वजनाने आणि किमतीने भारी पडतात.

आता खुद्द कानाकडे वळू. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी वेगवेगळ्या उंचीचे सूर सारखेच मोठे वाटायला किती डेसिबल लागतात ते मोजलं. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकातले आकडे असे: १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या सुराला जवळपास ७८ डेसिबल लागतात आणि २० हर्ट्झला चक्क १००. आवाज मोठा केला की ही दरी कमी होते. म्हणून रात्री हळू आवाजात लावलेलं गाणं पोकळ वाटतं आणि आवाज वाढवला की त्यात जीव आल्यासारखा वाटतो. बेसचे शौकीन आवाजाची कळ वर वर का नेत राहतात, याचं उत्तर इथे आहे.

कानाच्या आत तर आणखी नवल आहे. गेओर्ग फॉन बेकेशी हा हंगेरीचा माणूस बुडापेस्टमध्ये टेलिफोनवर काम करणारा संशोधक. आपल्या कानातल्या गोगलगाईसारख्या गुंडाळलेल्या नळीत, कॉक्लियात, साडेतीन सेंटीमीटर लांबीचा एक पडदा असतो. त्यावरून आवाजाची लाट कशी सरकते हे त्याने मृतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्यासाठी त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. हा पडदा दाराशी अरुंद आणि ताठ, शेवटी रुंद आणि लवचीक असतो. उंच सूर दाराशीच विरतात. खर्जाच्या लाटेला मात्र शेवटच्या टोकापर्यंत जावं लागतं, आणि वाटेत ती उंच सुरांच्या जागा हलवत जाते. त्यामुळे जादा बेस गायकाचे शब्द आणि तंतुवाद्यांची धार झाकून टाकतो; उंच सुरांना खालचे सूर झाकायला तितकं जमत नाही. दुकानात पाच मिनिटं भारी वाटलेला हेडफोन घरी आठवड्याभरात थकवतो, त्यात या रचनेचा मोठा हात असतो.

चांगला बेस ओळखायला मी तबला सोलो लावायला सांगेन. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की घुमारा चढत-उतरत सरकतो. चांगल्या हेडफोनमध्ये ती सरकण बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट कळते. वाईट हेडफोनमध्ये शंभर हर्ट्झच्या आसपास एक कुबड असतं आणि कुठलाही खालचा सूर त्याच एका ‘धुम्’मध्ये बुडतो. पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक लावून आपल्या वादकांनी खर्ज कमावला आणि सी. व्ही. रामन यांनी १९२० पासून या वाद्यांच्या सुरेलपणाचं भौतिकशास्त्र मांडलं. इतक्या निगुतीने घडवलेला खर्ज नुसत्या धपक्यात हरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी परीक्षा रोलँड टीआर-८०८ या तालयंत्राची. १९८० ते १९८३ या काळात बनलेल्या या यंत्राचा बेस ड्रम म्हणजे पन्नासेक हर्ट्झचा, हळूहळू विरणारा जवळपास शुद्ध सूर. आजच्या हिप-हॉपचा आणि ट्रॅपचा पाया तोच. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाहीत, तरी ठोका कळतो. संगीतकार त्या सुरात थोडी खरखर मिसळतात, त्यातून १००, १५०, २०० हर्ट्झचे वरचे स्वर उमटतात आणि मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून गैरहजर मूळ सूर स्वतःच भरून काढतो. चांगला हेडफोन लावला की तो खरोखर हजर होतो. ठोक्यानंतरची ती लांब शेपटी शेवटपर्यंत ऐकू येते का, तेवढं पाहा.

मग अ‍ॅम्प्लिफायर कशाला, चांगला हेडफोन पुरत नाही का? बेसच्या संगीताचा एक मोठा प्रवाह अ‍ॅम्पशी खेळणाऱ्या हातांतूनच निघाला आहे. जमैकात किंग्स्टनचा किंग टबी हा रेडिओ आणि विजेची उपकरणं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. तो आपले अ‍ॅम्प स्वतः बांधायचा, आणि डब संगीताच्या जनकांत त्याचं नाव घेतलं जातं. पण त्याला रस्त्यावरची गर्दी हलवायची होती. आपल्याला हलवायची आहे मूठभर हवा.

नीट बनवलेला अ‍ॅम्प २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत सगळे सूर सारखेच वाढवतो. स्वतःहून तो बेस घालत नाही. त्याची गरज आहे की नाही, हे हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे सांगतात: ओहममधला इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, आणि एका मिलिवॉटला मिळणारे डेसिबल. एम५०एक्सचा इम्पिडन्स ३८ ओहम आहे आणि तो एका मिलिवॉटला ९९ डेसिबल देतो. एक व्होल्ट देणारा बोटाएवढा यूएसबी डोंगलही त्याला ११३ डेसिबलपर्यंत नेईल, म्हणजे कानाला सोसवणार नाही इतका. डीटी ७७० प्रोच्या २५० ओहमच्या आवृत्तीला तोच व्होल्ट १०२ पर्यंत नेतो. दुसऱ्या टोकाला हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनर. ५० ओहम आणि मिलिवॉटला अवघे ८३.५ डेसिबल, म्हणून ठोक्यांना ११० डेसिबल गाठायला जवळपास अर्धा वॉट लागतो. तिथे टेबलावरचा खणखणीत अ‍ॅम्प हवाच. अ‍ॅम्प कमी पडला की बहुधा सगळ्यात आधी बेसचे ठोके कापले जातात, कारण सर्वाधिक व्होल्टेज तेच मागतात. ठोका फाटका, खरखरीत लागतो.

अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्सही पाहावा. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. सेनहायझर एचडी ६५० चा इम्पिडन्स ३०० ओहम म्हणतात, पण शंभर हर्ट्झच्या किंचित खाली तो पाचशेच्या आसपास चढतो. १२० ओहमच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला तो जोडला तर नेमका तिथला बेस सुमारे एक डेसिबलने वाढतो. व्हॉल्व्हची ऊब म्हणून जे वाखाणलं जातं, त्यात या हिशेबाचा वाटा असतो. प्लेनर हेडफोनचा इम्पिडन्स जवळपास सपाट, त्यांच्यावर हा परिणाम होत नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये अ‍ॅम्प आतच असतो, त्यामुळे वेगळा घेऊन उपयोग नाही. त्यातल्या बऱ्याच आवाजरोधक हेडफोनांत कपाच्या आत माइकही असतो. तो गळणारा बेस ऐकून काही प्रमाणात भरून काढतो. चष्मा लावणाऱ्यांना हे वरदानच.

बेस हवा तेवढा वाढवण्याचा माझ्या मते सर्वात प्रामाणिक मार्ग म्हणजे इक्वलायझर, म्हणजे हवे ते सूर कमी-जास्त करण्याची सोय, आणि ती फुकट मिळते. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या. चांगले स्पीकर खोलीत ठेवल्यावर बेस जसा आपोआप उठतो, तसाच उठाव बहुतेकांना हेडफोनमध्येही आवडतो, असं दिसलं. शंभर हर्ट्झच्या खाली चार ते सहा डेसिबल वाढवून पाहा. मात्र सहा वाढवायचे तर एकूण पातळी आधी सहाने उतरवा, नाहीतर आवाज फाटेल. सहा डेसिबल म्हणजे चौपट शक्ती. ही जादा शक्ती पुरवणं, हे बेसच्या शौकिनाकडे अ‍ॅम्पचं खरं काम.

विसर्जन मिरवणुकीतला ढोल छातीत वाजतो, तसा अनुभव मात्र कुठलाही हेडफोन देणार नाही. तिथे हवा सगळं शरीर हलवते, इथे फक्त कानाचा पडदा. तो धक्का मिळावा म्हणून आवाज वाढवत जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे, ९० डेसिबलला फक्त चार. फट बुजवून आणि इक्वलायझर लावून हवा तो बेस कमी आवाजात मिळतो. तेव्हा खरेदीला जाताना रोजचा चष्मा घालून जा, आवडीच्या दोन-तीन ध्वनिमुद्रणांबरोबर एक तबला सोलोही फोनमध्ये ठेवा, निदान अर्धा तास शांतपणे ऐका, आणि अ‍ॅम्पचे पैसे हेडफोन ठरल्यावरच काढा.