एकरेषीय व मुक्तविश्व व्हिडिओ गेम

एकरेषीय आणि मुक्तविश्व हे व्हिडिओ गेमच्या रचनेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकरेषीय खेळात घटनांचा क्रम रचनाकाराने आधीच ठरविलेला असतो आणि खेळाडू एक टप्पा पार करून पुढच्या टप्प्यात जातो. मुक्तविश्व खेळात एक विस्तीर्ण प्रदेश खेळाडूपुढे खुला असतो. कोठे आणि केव्हा जायचे हे बहुतांशी तोच ठरवतो. मुक्तविश्व खेळांची जाहिरात बहुधा नकाशाच्या विस्तारावर केली जाते. तथापि या दोन प्रकारांतील मूळ फरक आकाराचा नसून क्रमाचा आहे.

निन्टेन्डोचे दोन खेळ

जपानमधील निन्टेन्डो कंपनीचे 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) व 'द लेजंड ऑफ झेल्डा' (१९८६) हे खेळ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूने जवळपास एकाच काळात घडविले. एकाच हातून निघालेल्या या दोन खेळांची रचना मात्र परस्परविरुद्ध आहे.

मारिओमध्ये ८ जगे व प्रत्येकात ४ असे एकूण ३२ टप्पे आहेत. खेळाडू उजवीकडे जाईल तसे दृश्य सरकते आणि पडद्याआड गेलेला भाग पुन्हा गाठता येत नाही. पहिल्या टप्प्याच्या आरंभीच एक शत्रू समोरून चालत येतो, तेव्हा उडी मारण्यास शिकण्यावाचून गत्यंतर नसते. खेळाडू आतापर्यंत काय शिकला आहे हे रचनाकारास ठाऊक असल्यामुळे पुढील प्रत्येक अडथळा त्या ज्ञानावर बेतता येतो. अर्थात हा क्रमही अभेद्य नाही. गुप्त नळांतून मधली जगे वगळता येतात.

झेल्डाच्या पहिल्याच पडद्यावर तीन दिशांना वाटा फुटतात व एक गुहा दिसते. गुहेतील वृद्ध तलवार देतो, परंतु ती न घेताही पुढे जाता येते. एकूण १२८ पडद्यांच्या या भूप्रदेशातील भुयारांना क्रमांक दिलेले असले, तरी त्यांपैकी बरीचशी क्रम मोडून जिंकता येतात. नवव्या भुयारासाठी मात्र आधीच्या आठांतील तुकडे जमवावे लागतात. बालपणी क्योतोनजीकच्या सोनोबे परिसरात केलेली भटकंती ही या खेळामागील प्रेरणा असल्याचे मियामोतो यांनी सांगितले आहे.

मुक्त संचाराची कल्पना याहून थोडी जुनी आहे. डेव्हिड ब्रेबेन व इयान बेल यांच्या 'एलिट' (१९८४) या ब्रिटिश खेळात ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमंडले होती. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो संगणकावर ती साठविणे अशक्य असल्याने गणिती सूत्राने आयत्या वेळी निर्माण केली जात.

स्वातंत्र्याची किंमत

खेळाडू कोणत्या वाटेने येईल हे अज्ञात असले, की काठिण्य ठरविणे अवघड होते. 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' (२००६) मध्ये खेळाडूच्या पातळीबरोबर शत्रूंचेही बळ वाढते. त्यामुळे कोठेही जाता येते खरे, पण पुढे वाटेवरचे सामान्य लुटारूसुद्धा अतिमौल्यवान चिलखत घालून उभे दिसतात आणि कमावलेल्या सामर्थ्याची जाणीवच बोथट होते.

कथानकाची अडचण अधिक गंभीर आहे. 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) या एकरेषीय खेळात तणाव कधी वाढवायचा व कधी विसावा द्यायचा हे रचनाकाराच्या हाती राहते. याउलट 'द विचर ३' (२०१५) मध्ये मानसकन्येचा जीव धोक्यात असताना नायक गावोगावी पत्ते खेळत बसू शकतो, आणि त्याने काहीही बिघडत नाही.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) या झेल्डा मालिकेतील खेळाने यावर एक चतुर तोड काढली. तेथे विनाश १०० वर्षांपूर्वीच होऊन गेलेला आहे. त्या काळातील प्रसंग नायकाच्या विस्मृत आठवणींच्या रूपाने प्रदेशभर विखुरलेले असून ते कोणत्याही क्रमाने सापडले तरी अर्थ लागतो. आरंभीच्या पठारावरून उतरल्यावर खेळाडू थेट अंतिम शत्रूच्या किल्ल्याकडेही जाऊ शकतो, मात्र तेवढ्या तयारीवर तेथे निभाव लागणे कठीण असते.