शी रोखणारं मूल हट्टी नसतं

शी आली की तुमचं अडीच वर्षांचं लेकरू पडद्यामागे पाय आवळून उभं राहतं? आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी काही दिवसांआड. रोज भरलेली चड्डी धुताना चिडचिड होणारच. पण हा बहुतेकदा हट्ट नसतो, भीती असते. एकदा कडक शी होताना दुखलं, की मूल ती रोखतं. मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, शी आणखी कडक होते, पुन्हा दुखतं.

म्हणून आधी शी मऊ करा: पाणी, पपई, भाज्या, गरज पडली तर बालरोगतज्ज्ञांचं औषध. मग जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, तेव्हा आतडी जोरात हलतात. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. ब्रेझल्टन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६२ मध्ये १,१७० मुलांच्या नोंदींवरून मांडलं होतं: वेळ मुलाच्या तयारीनं ठरवा, आपल्या घाईनं नाही.