रुसलेला संगणक

घरातले जुने घड्याळ बंद पडले की आपण ते घड्याळजीकडे नेतो. जुना संगणक बंद पडला की मात्र थेट भंगारवाल्याला हाक मारतो. वाचकहो, ही घाई बरी नव्हे! घड्याळात कोणी आपले लिखाण ठेवीत नाही. संगणकाच्या फ्लॉपीत मात्र ते असते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिच्या जिस्ट कार्डामुळे पीसीच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली आणि मराठी मजकूर सव्वापाच इंची, लवचिक फ्लॉपीवर साठू लागला. तो आज वाचायचा तर नुसती फ्लॉपी असून भागत नाही. ती वाचणारे यंत्रही जिवंत हवे.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेला आयबीएम पीसी. हे यंत्र रुसले तरी का रुसले ते बऱ्याच वेळा स्वतःच सांगते. आपण मात्र क्रमाने ऐकले पाहिजे.

बटण दाबूनही पंखा हलत नसेल तर पहिला संशय विजेचा. अमेरिकेतून आलेले यंत्र १२० व्होल्टांचे असू शकते. ते आपल्या २३० व्होल्टांवर लावणे म्हणजे त्याची होळी करणे. वीज योग्य असली तरी पॉवर सप्लायला लगेच दोषी ठरवू नये. बोर्डावरचा मण्याएवढा टँटलम कपॅसिटर वयोमानाने शॉर्ट होतो आणि सप्लाय स्वतःच्या बचावासाठी गप्प बसतो. अशा वेळी यंत्राची वायर भिंतीतून काढून एकेक कार्ड आणि ड्राइव्ह सुटे करावे व पुन्हा चालू करून पाहावे. जे काढताच पंखा फिरेल, तोच चोर!

पंखा फिरला, पण पडद्यावर काही नाही, म्हणून घाबरू नका. मेमरी तपासायला या म्हाताऱ्याला वेळ लागतो. एक आखूड बीप ऐकू आली की प्रकृती ठीक समजावी. नाहीतर पडद्यावर आकडा येतो. शेवटी २०१ असेल तर दुखणे मेमरीचे, ३०१ कीबोर्डाचे, ६०१ फ्लॉपी ड्राइव्हचे. १९८३ च्या एक्सटी मॉडेलात हार्ड डिस्क आली. तिच्या दुखण्याचा आकडा १७०१.

आता फ्लॉपी घाला. 'नॉन-सिस्टिम डिस्क' असा इंग्रजी संदेश आला तर वाईट वाटून घेऊ नका. तो संदेश फ्लॉपीवरूनच वाचलेला असतो. म्हणजे ड्राइव्ह वाचतो आहे, फ्लॉपी तेवढी बदला. पण फ्लॉपी आत असूनही यंत्र मुकाट्याने बेसिक भाषेत शिरले तर ड्राइव्हला काही वाचताच आले नाही असे समजावे. मग हेड आयसोप्रॉपिल अल्कोहोलने हलकेच पुसावे. वरचे हेड मात्र उचलू नये, त्याची स्प्रिंग वाकते. हेड ज्या दांड्यांवर सरकते त्यांवरचे वाळलेले ग्रीज काढावे. बऱ्याच ड्राइव्हांच्या खालच्या चाकावर रेघांची वर्तुळे असतात. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली ५० सायकलच्या वर्तुळातील रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे बरोबर आहे.

मोलाची फ्लॉपी मात्र सर्वांत शेवटी घालावी. आधी तिच्या खिडकीतून पाहावे. आपल्या दमट हवेत तिच्यावर बुरशीचे ठिपके धरतात. अशी फ्लॉपी फिरवली तर मजकूर खरवडला जातो आणि घाण झालेले हेड पुढची चांगली फ्लॉपीही बिघडवते. बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाणार नाही.

आणखी एक गोष्ट. एखादा ड्राइव्ह स्वतःच्या फ्लॉप्या सुरळीत वाचतो, परक्या मात्र वाचत नाही. त्याचे हेड जागेवरून किंचित सरकलेले असते. गावच्या कुलकर्ण्याचे मोडी जसे त्याच्याच घरच्यांना लागावे, तसा हा प्रकार! कारागीर म्हणेल, "हेड जागेवर आणून देतो." त्याला थांबवा. हेड सरळ झाले की वर्षानुवर्षे त्याच वाकड्या हाताने लिहिलेल्या फ्लॉप्या त्यालाही वाचता येणार नाहीत. आधी त्या सर्वांचा मजकूर उतरवून घ्या आणि मगच ड्राइव्ह दुरुस्तीला द्या.