ए मारिओचं, बी लुईजीचं

मारिओ न्हाणीघरात अंघोळ करतो आहे. राजवाड्यावरून तातडीचा निरोप घेऊन आलेला, अळंबीच्या डोक्याचा टोड धाडकन आत घुसतो आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळत बाहेर पळतो. व्हिडिओ गेमच्या दुनियेतल्या सगळ्यांत नावाजलेल्या नायकाची ही एंट्री! ‘मारिओ अँड लुईजी : सुपरस्टार सागा’ हा गेम नोव्हेंबर २००३ मध्ये निन्टेन्डोच्या गेमबॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. त्या वेळी शाळेत असलेली मुलं आज तिशी-पस्तिशीत आहेत. त्यांतली कित्येक जण हा गेम आज पुन्हा खेळायला बसतात आणि पुन्हा तितकीच हसतात.

महाराष्ट्रात बहुतेकांना मारिओ भेटला तो टीव्हीला जोडायच्या, कॅसेट घालून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये. तो मारिओ उड्या मारायचा, कासवं तुडवायचा, पण त्याला गोष्ट अशी फारशी नव्हती. लुईजी म्हणजे धाकट्या भावंडाच्या वाट्याला येणारा हिरवा मारिओ. ‘सुपरस्टार सागा’नं या दुय्यम भावाला गोष्टीच्या मध्यभागी आणलं. त्यातली बरीचशी गंमत तिथूनच येते.

गोष्ट अशी. शेजारच्या बीनबीन राज्यातली कॅकलेटा नावाची चेटकीण आणि तिचा चेला फॉफुल राजकन्या पीचचा आवाज चोरतात. चोरीनंतर पीच बोलायला तोंड उघडते तेव्हा तिचे शब्द बॉम्ब होऊन आसपास कोसळतात. आवाज परत आणायला मारिओ निघतो, आणि तोही थेट हाडवैरी बाउजरच्या विमानातून, कारण बोलण्यातून स्फोट घडवणारी राजकन्या पळवून नेण्यात बाउजरला काही रस नाही. निरोप द्यायला जमलेल्या गर्दीत लुईजी हात हलवत उभा असतो. बाउजरला वाटतं, हा स्वतःहून यायला तयार आहे. विमानातून एक यांत्रिक पंजा खाली येतो आणि लुईजीला उचलून घेऊन जातो.

रोल प्लेइंग गेम ही जात तशी गंभीर. जगावर संकट येतं, निवडलेला नायक निघतो, वाटेत लढाया होतात. लढाईत आपण यादीतून वार निवडायचा, मग शत्रूचा वार मुकाट सोसायचा. ‘सुपरस्टार सागा’नं ही चौकट ठेवली, पण सोसणं मात्र काढून टाकलं. लढाईत ‘ए’ बटण मारिओचं, ‘बी’ लुईजीचं. शत्रू चालून आला की ज्याच्यावर येतो आहे त्याचं बटण वेळेवर दाबायचं. तो भाऊ उडी मारून वार चुकवतो, कधी उलट शत्रूच्याच डोक्यावर पाय देतो. वार कुणावर येणार, हे शत्रूच्या हालचालीतून आधी ओळखता येतं. हात सरावला की एकही जखम न होता अख्खी लढाई जिंकता येते. तेवढं कौशल्य अंगात आल्याचा आनंद आकड्यांच्या वाढीतून कधी मिळत नाही.

दोघांनी मिळून करायचे डावही असेच आहेत. सुरुवातीला सगळं संथ चालतं आणि कुठलं बटण कधी दाबायचं हे पडद्यावर दिसतं. खेळाडूला वाटलं तर तो या सूचना कमी करू शकतो, नंतर पूर्ण बंद करू शकतो. मग वेग वाढतो आणि डावाला लागणारे गुण कमी होतात. म्हणजे जोखीम घेणाऱ्याला सवलत. शिकवण्याची यापेक्षा सुरेख रीत त्या काळच्या फार थोड्या गेममध्ये सापडेल.

लढाईबाहेरही विनोद बटणांतूनच घडतो. मारिओनं लुईजीच्या डोक्यात हातोडा घातला की लुईजी जमिनीत रुततो आणि कुंपणाखालून पलीकडे जातो. लुईजीनं मारिओला हाणलं की मारिओ चेपून इवलासा होतो आणि बारीकशा भोकातून निघतो. एकमेकांना बडवल्याशिवाय या भावंडांचं पान हलत नाही.  बीनबीन राज्याच्या सीमेवरचे पहारेकरी दोघांना दोरीवरच्या उड्या मारायला लावतात.

आणि मिशी! ताकद, बचाव, वेग यांच्याबरोबर या गेममध्ये प्रत्येक भावाच्या मिशीचेही गुण मोजले जातात. मिशी भारदस्त असेल तर लढाईत एखादा वार नशिबानं जबरदस्त बसतो आणि दुकानात सामान स्वस्त मिळतं. एक लढाई संपून पातळी वाढली की कुठला गुण वाढवायचा ते खेळाडूनं ठरवायचं. ताकद सोडून मिशी वाढवणाऱ्यांचा पंथ वेगळाच.

आडवाटेला गेलं तरी हसू सापडतं. चकलहक नावाच्या जंगलात चकोला कोला हे पेय मुरायला ठेवलेलं असतं. ते मुरावं म्हणून त्याला विनोद सांगावे लागतात! पण मोठेपणी पुन्हा खेळताना थांबायला होतं ते वेगळ्याच प्रसंगापाशी. मारिओ आजारी पडतो आणि औषधी वनस्पती आणायला भित्र्या लुईजीला एकट्यानं जावं लागतं. त्याला धीर यावा म्हणून संमोहनानं पटवून दिलं जातं, की तूच मारिओ आहेस. मग लुईजी छाती काढून निघतो. लहानपणी हा प्रसंग निव्वळ धमाल वाटतो. आता मात्र त्यात आयुष्यभर थोरल्याच्या सावलीत वावरलेला धाकटा दिसतो. गेमभर कुणाला त्याचं नाव धड आठवत नाही, तो हिरवा कोण म्हणून विचारलं जातं. लिहिणाऱ्यांनी हा विनोद कुठेही क्रूर होऊ दिला नाही, कारण लुईजी नसता तर मारिओ पहिल्याच कुंपणाशी अडला असता.

हा गेम अल्फाड्रीम या छोट्या जपानी कंपनीनं केला. दिग्दर्शक योशिहिको माएकावा यांनी त्याआधी स्क्वेअर या कंपनीच्या १९९६ च्या ‘सुपर मारिओ आरपीजी’चं सहदिग्दर्शन केलं होतं. त्या गेमचं संगीत योको शिमोमुरा यांचं होतं, याचंही त्यांचंच. ‘स्ट्रीट फायटर २’च्या चाली ज्यांच्या कानात बसल्या आहेत, त्यांनी शिमोमुरा यांचं काम नाव न कळताही ऐकलेलं आहे. इथे त्यांच्या वाट्याला गेमबॉयचा बोटभर स्पीकर आणि २४० बाय १६० ठिपक्यांचा पडदा आला. तेवढ्यातही प्रत्येक प्रदेशाला त्याची धून मिळाली. मारिओ आणि लुईजी यांना संवाद नाहीत. चार्ल्स मार्टिने यांच्या आवाजात ते इटालियन वाटणारं काहीबाही बडबडतात, हातवारे करतात आणि समोरच्याला सगळं कळतं. चित्रकारांनी त्या चिमुकल्या आकृत्यांत जीव ओतला नसता, तर ही युक्ती फसली असती.

पुढे मालिका वाढत गेली, पण ऑक्टोबर २०१९ मध्ये अल्फाड्रीम दिवाळखोरीत निघाली. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१७ मध्ये, कंपनीनं हाच गेम निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस या यंत्रासाठी नव्यानं बनवला होता. चित्रं गुळगुळीत झाली आणि एकाच बटणानं दोघांना उडी मारायला लावायची सोय आली. सोय चांगली, पण दोन अंगठ्यांची जुनी धांदल तिनं थोडी खाल्ली. मालिकेतला २०२४ चा ‘ब्रदरशिप’ अक्वायर या दुसऱ्या कंपनीनं केला आणि त्याला संगीत हिदेकी साकामोतो यांनी दिलं.

मूळ गेम फेब्रुवारी २०२३ पासून निन्टेन्डो स्विचच्या सशुल्क ऑनलाइन सेवेत मिळतो. नव्यानं खेळणाऱ्यानं मूळ रूपच आधी खेळावं. मात्र शेवटच्या लढाईआधी पिशवीत जीव भरून काढणारे मशरूम भरपूर ठेवावेत: त्या लढाईच्या सुरुवातीला दोन्ही भावांचा जीव एकेका गुणावर आलेला असतो, आणि एक फटका बसला की तो भाऊ आडवा.